उज्जयिनी : पाहावी कशी, जपावी कशी

माळव्याच्या पठारावर, क्षिप्रा नदीच्या पूर्व तीरावर वसलेले उज्जैन हे नगर मराठी माणसाला अपरिचित नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या महाकालेश्वराच्या दर्शनासाठी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून दरवर्षी असंख्य यात्रेकरू तेथे जातात. बहुतेकांचा मुक्काम एका रात्रीचा असतो. पहाटे भस्मारती, नंतर नदीवर स्नान आणि दुपारी ओंकारेश्वराकडे प्रयाण असा हा क्रम ठरून गेला आहे. त्यामुळे या नगराचे एक वैशिष्ट्य सहसा त्यांच्या दृष्टीस पडत नाही. उज्जैनमध्ये आज जे पाहावयास मिळते त्यातील बराच भाग अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत नव्याने उभा राहिलेला आहे, आणि तो उभा करणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. हे ध्यानी ठेवून नगर पाहिले, तर तेथील दीपमाळ, घाट, मंदिर आणि वेधशाळा यांचा परस्परसंबंध उलगडतो. एकदा उभारलेली वास्तू टिकविण्यासाठी पुढील प्रत्येक पिढीला काय करावे लागते, याचीही कल्पना येते.

प्राचीन नगरी आणि तिचा अस्त

उज्जैनचे प्राचीन नाव उज्जयिनी किंवा अवंतिका. बुद्धकालीन सोळा महाजनपदांपैकी अवंतीची ही राजधानी होय. राजा चंडप्रद्योत येथे राज्य करीत होता. मौर्यकाळात सम्राट होण्यापूर्वी अशोक येथे प्रांताधिपती म्हणून राहिला होता. पुढे पश्चिम क्षत्रपांचे व नंतर गुप्तांचे राज्य येथे आले. समुद्रकिनाऱ्यावरील भडोचपासून उत्तरेकडे जाणारा व्यापारी मार्ग या नगरावरून जात असे, आणि तिच्या वैभवाचे ते एक प्रमुख कारण होते. महाकवी कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाला वाट थोडी वाकडी करून उज्जयिनी पाहण्यास सुचविले आहे, हे संस्कृतच्या शिक्षकांना ठाऊक असेलच.

ही प्राचीन नगरी आजच्या वस्तीच्या उत्तरेस, ‘गढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली गाडलेली आहे. तेथे ग्वाल्हेर संस्थानच्या काळात आणि नंतर १९५५ ते १९५८ या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकात या नगराभोवती मातीचा प्रचंड तट घातलेला होता, असे त्यातून दिसून आले. पायथ्याशी या तटाची रुंदी सुमारे ७५ मीटर होती. नदीच्या बाजूस क्षिप्रेचे पात्र आणि इतर बाजूंस खंदक अशी संरक्षणाची योजना होती. आज तेथे गेल्यावर डोळ्यांत भरण्यासारखी इमारत दिसत नाही. मातीचे उंचवटे आणि मधूनमधून सापडणारी खापरे एवढेच दिसते. तथापि, अडीच हजार वर्षांपूर्वीचे नगर आपल्या पायाखाली आहे याची जाणीव विद्यार्थ्यांना करून देण्यास एवढी खूण पुरेशी आहे.

दिल्लीचा सुलतान अल्तमश याने १२३४–३५ च्या सुमारास उज्जैनवर स्वारी केली आणि महाकालाचे जुने मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे माळव्याच्या सुलतानांनी धार व मांडू येथे राजधानी केल्यामुळे उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले. तीर्थक्षेत्र म्हणून मात्र त्याची परंपरा खंडित झाली नाही.

शिंदे यांची राजधानी

मराठी फौजा माळव्यात शिरल्या त्या अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांनी अमझेरा येथे मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला. माळव्याच्या वाटणीत उज्जैनचा प्रदेश राणोजी शिंदे यांच्याकडे आला. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेड गावच्या या घराण्याने उज्जैन ही आपली राजधानी केली. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे राजधानी हलविली; तोपर्यंत सुमारे आठ दशके उज्जैन हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते.

या काळात नगराची पुनर्रचना झाली, तसे आघातही झाले. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी दौलतरावांच्या फौजेचा उज्जैनजवळ पराभव केला आणि शहर लुटले. ज्यांच्या राज्यात नगर पुन्हा उभे राहिले, त्यांच्याच आपसांतील वैराने ते पोळलेही, ही गोष्ट इतिहास वाचताना नजरेआड करता येत नाही.

महाकालेश्वराचे मंदिर

आजचे महाकालेश्वराचे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविले. ज्या जागी पाचशे वर्षे मोठे मंदिर नव्हते, तेथे पुन्हा शिखर उभे राहिले ते या दिवाणाच्या पुढाकाराने. मंदिराच्या रचनेत माळव्यातील जुनी भूमिज पद्धती आणि मराठा पद्धती यांचा मेळ दिसतो. गाभारा भूमिपातळीच्या खाली असून ज्योतिर्लिंग दक्षिणाभिमुख मानले जाते. त्याच्या वरच्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि त्याहून वर नागचंद्रेश्वर अशी स्थाने आहेत. नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून केवळ नागपंचमीस उघडते. मंदिराच्या आवारात कोटितीर्थ नावाचे कुंड आहे.

येथील काही प्रथांवर मराठी ठसा स्पष्ट आहे. श्रावणात दर सोमवारी महाकालाची पालखी नगरातून निघते. उत्तर भारतातील पंचांगात महिना पौर्णिमेस संपतो, म्हणून तेथील श्रावण राखीपौर्णिमेला पुरा होतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, त्यामुळे आपला श्रावण पुढे पोळ्यापर्यंत चालतो. उज्जैनच्या पालख्या दोन्ही पद्धती सांभाळतात. त्या उत्तरेच्या श्रावणात सुरू होतात आणि मराठी श्रावण संपेपर्यंत, म्हणजे तेथील गणनेने भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही, निघत राहतात. स्थानिक लोक या प्रथेस महाराष्ट्रीय परंपरा म्हणूनच ओळखतात. महाशिवरात्रीपूर्वीच्या शिवनवरात्रात मंदिराच्या प्रांगणात नारदीय पद्धतीचे हरिकीर्तन होते, तेही याच परंपरेचा भाग होय.

अलीकडे या मंदिरापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. रोजचे पंचामृत, पाणी, भस्म आणि असंख्य हातांचा स्पर्श यांमुळे ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. त्यानंतर २०१७ पासून भाविकांनी वाहावयाच्या पाण्याचे प्रमाण मर्यादित करण्यात आले, ते शुद्ध केलेले असावे असे ठरले आणि भस्मारतीच्या वेळी लिंगावर वस्त्र घालण्याची पद्धत सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने भाविकांनी लिंग हाताने चोळू नये असा स्पष्ट आदेश दिला. दगड कितीही कठीण असला तरी रोजच्या घर्षणाने झिजतो, हा साधा नियम देवालयासही लागू पडतो. त्यामुळे दुरून दर्शन घ्यावे लागले म्हणून यात्रेकरूने खंत मानण्याचे कारण नाही. पुढच्या पिढीलाही हेच दर्शन घडावे यासाठी ती व्यवस्था आहे.

वाढती गर्दी सामावून घेण्यासाठी मंदिराच्या परिसरात रुद्रसागर तलावाच्या काठाने ‘महाकाल लोक’ हा विस्तीर्ण मार्ग तयार करण्यात आला. त्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. शिवपुराणातील प्रसंग दाखविणारी शिल्पे व भित्तिचित्रे येथे आहेत. तेथून पायी थोडे चालले की हरसिद्धीचे मंदिर लागते.

हरसिद्धीच्या दीपमाळा आणि गोपाळ मंदिर

हरसिद्धी हे शक्तिपीठांपैकी एक मानले जाते. प्रांगणात शिरताच दोन उंच दीपमाळा दिसतात. जेजुरीचा गड किंवा कोकणातील एखादे देवालय पाहिलेल्या माणसाला त्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटतात, कारण ही मराठा मंदिरबांधणीचीच खूण आहे. नवरात्रात या दीपमाळांवरील शेकडो पणत्या पेटवितात. पायऱ्या नसलेल्या या स्तंभांवर दिवे लावणारी माणसे चढून जातात, ते पाहण्यासाठी सायंकाळी मोठी गर्दी जमते.

नगराच्या भर बाजारपेठेत गोपाळ मंदिर आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविले. कागलच्या सखाराम घाटगे यांच्या त्या कन्या. पतीच्या निधनानंतर १८२७ ते १८३३ या काळात त्यांनी ग्वाल्हेरचा राज्यकारभार पाहिला. काशी येथे ज्ञानवापी विहिरीभोवतीचा स्तंभयुक्त मंडपही त्यांनीच बांधविला. गोपाळ मंदिराच्या गाभाऱ्याचे दरवाजे चांदीने मढविलेले आहेत. हे दरवाजे सोमनाथहून गझनीस नेलेले होते व महादजी शिंदे यांनी ते परत आणले, अशी आख्यायिका लोक सांगतात. कार्तिकातील वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी येथे येते आणि हर व हरी यांची भेट होते. त्या वेळी शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात.

वेधशाळा : उघड्यावरचे विज्ञानालय

उज्जैनमध्ये शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह पाहावे असे सर्वांत बोधप्रद स्थळ म्हणजे वेधशाळा. प्राचीन भारतीय ज्योतिषात मुख्य मध्यान्हरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानीत. आज ग्रीनिचला जे स्थान आहे, ते आपल्या सिद्धान्तग्रंथांत या नगराला होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराचे कार्य याच भूमीत झाले. माळव्याचे सुभेदार असलेले जयपूरचे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, काशी व मथुरा येथील वेधशाळाही त्यांच्याच.

येथील सम्राट यंत्र हे एक मोठे सूर्यघड्याळ आहे. त्याची उतरती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणजे तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंशांचा आहे. भिंतीची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर पडते आणि त्यावरील खुणांवरून वेळ वाचता येते. ही वेळ हातातील घड्याळाशी जुळत नाही, तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. त्याचे कारण सोपे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची आहे आणि उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कलांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो. यात सूर्याच्या गतीमुळे दररोज थोडा बदलणारा फरक मिळविला की प्रमाणवेळ मिळते. ही आकडेमोड विद्यार्थ्यांकडून तेथेच करून घ्यावी.

नाडीवलय यंत्राची तबकडी विषुववृत्ताच्या पातळीला समांतर बसविलेली आहे. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिच्या उत्तरेकडील बाजूवर आणि उरलेले सहा महिने दक्षिणेकडील बाजूवर ऊन पडते. दोन्ही विषुवदिनी सूर्य तबकडीच्या पातळीतच असतो. उत्तरायण, दक्षिणायन आणि विषुवदिन या संज्ञा पुस्तकातून समजण्यास कठीण जातात. येथे त्या डोळ्यांनी दिसतात. दिगंश यंत्राने ग्रहताऱ्यांची दिशा, भित्तियंत्राने मध्यान्हीची उंची आणि शंकुयंत्राने सूर्याचे स्थान मोजता येते. उज्जैन कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे २१ जूनच्या थोडे आधी व थोडे नंतर असे दोनदा सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि शंकूची सावली नाहीशी होते.

जयसिंहानंतर ही वेधशाळा दीर्घकाळ उपेक्षित राहिली. १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गणिती व ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी तेथील काम पाहिले. जयसिंहाच्या पाच वेधशाळांपैकी मथुरेची आज अस्तित्वात नाही. उज्जैनची मात्र आजही वापरात असून ‘शासकीय जीवाजी वेधशाळा’ या नावाने चालते आणि दरवर्षी ग्रहस्थितीची पुस्तिका प्रसिद्ध करते. एकाच राजाने उभारलेल्या वास्तूंची अशी दोन टोकांची गती का झाली, याचे उत्तर वेळीच झालेल्या दुरुस्तीत आहे.

नगराबाहेरची स्थळे

गढाच्या बाजूस गडकालिकेचे मंदिर आणि क्षिप्रेच्या काठी भर्तृहरीची गुंफा आहे. काळभैरवाच्या मंदिरात मद्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा आहे. या देवास शिंदे घराण्याकडून पगडी अर्पण होते आणि तिचा संबंध लोक महादजींशी जोडतात. मंगळनाथ, सिद्धवट आणि श्रीकृष्ण व सुदामा यांचे गुरुगृह मानला जाणारा सांदीपनी आश्रम ही स्थळेही याच बाजूला आहेत. एका दिवसात ती सर्व पाहून होतात.

उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर क्षिप्रेच्या पात्रातील बेटावर कालियादेह महाल आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याने तो बांधविला असे मानतात. नदीचे पाणी दगडी नाल्यांतून खेळवून अनेक कुंडांत सोडण्याची आणि उन्हाळ्यात महाल थंड राखण्याची तेथील युक्ती आजच्या अभियंत्यांनीही पाहावी अशी आहे. अकबर व जहांगीर या बादशहांच्या भेटीची नोंद तेथील फारसी शिलालेखांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव शिंदे यांनी या वास्तूची दुरुस्ती करविली होती. त्यानंतर मात्र तिची बरीच पडझड झाली आहे. महाकालाच्या दारी लोटणाऱ्या गर्दीतील फार थोडे लोक येथवर येतात.

वाकणकरांचे उज्जैन

आधुनिक काळात उज्जैनचे नाव जगभर नेणारा एक मराठी माणूस म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. त्यांचा जन्म १९१९ साली नीमच येथे झाला आणि उज्जैन ही त्यांची कर्मभूमी ठरली. १९५७ साली रेल्वेने जात असता त्यांना भोपाळजवळ दूरवर खडकांचे विलक्षण आकार दिसले. ते उतरून तेथे गेले आणि भीमबेटका येथील आदिमानवाची चित्रे उजेडात आली. २००३ साली या स्थळाचा जागतिक वारसायादीत समावेश झाला. उज्जैनपासून सुमारे २५ किलोमीटरवरील कायथा येथेही त्यांनी उत्खनन केले. तेथे चार हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही हे काम चालविले. शासनाने १९७५ साली पद्मश्री देऊन वाकणकरांचा गौरव केला. १९८८ साली त्यांचे निधन झाले. कर्कवृत्ताच्या शोधात त्यांनी ज्या डोंगला गावाकडे लक्ष वेधले, तेथे आता वराहमिहिराच्या नावाने आधुनिक वेधशाळा उभी आहे.

क्षिप्रा आणि सिंहस्थ

नाशिकप्रमाणेच उज्जैन येथेही गुरू सिंह राशीत असता सिंहस्थ भरतो. नाशिकचा मेळा श्रावण-भाद्रपदात आणि उज्जैनचा चैत्र-वैशाखात होतो. नाशिकच्या मेळ्यानंतर साधूंनी उज्जैनला येण्याच्या प्रथेस राणोजी शिंदे यांच्या काळी चालना मिळाली असे सांगतात. मागील सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात झाला. पुढील २०२८ साली आहे.

वैशाख हा भर उन्हाळ्याचा महिना, आणि क्षिप्रा ही हिमालयाच्या बर्फावर पोसलेली नदी नव्हे. इंदूर जिल्ह्यात उगम पावून चंबळेला मिळणारी सुमारे १९५ किलोमीटर लांबीची ही नदी उन्हाळ्यात आटते. त्यातच इंदूर शहराचे सांडपाणी आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगास तिला मिळते. यावर उपाय म्हणून नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्याची योजना आखली गेली. सुमारे ३५० मीटर उंच चढवून आणि ४९ किलोमीटर लांबीच्या नळांतून आणलेले हे पाणी फेब्रुवारी २०१४ मध्ये क्षिप्रेत पोहोचले. २०१६ च्या सिंहस्थात लक्षावधी लोकांचे स्नान त्यामुळेच शक्य झाले.

परंतु योजना असून चालत नाही, ती वेळेवर चालवावी लागते. जानेवारी २०१९ मधील शनैश्चरी अमावास्येस नदीत पुरेसे पाणी सोडलेले नव्हते आणि आलेल्या यात्रेकरूंना गढूळ पाण्यात स्नान करावे लागले. त्यानंतर तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. कान्हेचे पाणी बंद नळांतून उज्जैनच्या खालच्या अंगास नेण्याचे कामही हाती घेण्यात आले. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये; उन्हाळी पाणी आणि शहराचे सांडपाणी ही दोन्ही दुखणी आपल्याही नद्यांना जडलेली आहेत.

यात्रेकरूचा वाटा

उज्जैन नीट पाहावयाचे तर किमान दोन दिवस काढावेत. पहिल्या दिवशी महाकालेश्वर, हरसिद्धी, रामघाट आणि गोपाळ मंदिर पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळा, नंतर गढ व काळभैरव आणि परतताना कालियादेह असा क्रम सोयीचा पडतो. वेधशाळेत ऊन असतानाच जावे, कारण ढगाळ हवेत तेथील यंत्रे मुकी असतात. शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

रामचंद्रबाबा, बायजाबाई, माधवराव शिंदे, आपटे आणि वाकणकर या सर्वांचे काम निरनिराळ्या काळातले आणि निरनिराळ्या प्रकारचे होते. कोणी मंदिर बांधले, कोणी मोडकळीस आलेली यंत्रे दुरुस्त केली, कोणी मातीखालचा इतिहास वर काढला. त्यांच्या श्रमांचे फळ आजचा यात्रेकरू भोगतो. त्याच्या वाट्यास येणारे काम त्या मानाने अगदी लहान आहे : देवाला अंतरावरून नमस्कार करणे, नदीत निर्माल्य व कपडे न टाकणे, गढावरची खापरे घरी न नेणे आणि यंत्रांच्या भिंतींवर नावे न कोरणे. एवढे प्रत्येकाने केले तरी २०२८ च्या सिंहस्थास जाणाऱ्या मुलांना उज्जयिनी आजच्याहून बऱ्या स्थितीत दिसेल.